लेकीचं नाव कृष्णा ठेवू का?

"ताई, नमस्कार. मी सांगलीची, गावभागात राहते. मुलगी अडीच महिन्यांची झाली तरी बारसं अडलंय, कारण एकच, नाव. मला कृष्णा ठेवायचंय. माझ्या पणजीचं नाव कृष्णाबाई होतं आणि लग्नाच्या आधीपासून मनात होतं की मुलगी झाली तर हेच. पण सासूबाई म्हणतात हे पोराचं नाव. जाऊबाई म्हणतात पोरगी आधीच सावळी, त्यात कृष्णा म्हणजे काळी, शाळेत चिडवून हैराण करतील, आणि रोज बाळाला बेसन लावून घासायला सांगतात. नणंदेचं घर २०१९ च्या पुरात बुडालेलं, ती म्हणते जिनं संसार नेला तिचं नाव पाळण्यात नको. वर शेजारचे एक काका सांगून गेले की मुलीला नदीचं नाव ठेवू नये असं शास्त्रात आहे. हे म्हणतात तुम्ही बायका काय ते ठरवा. कृष्णाचा नेमका अर्थ काय, ते मुलीचंच नाव आहे का, आणि मी हट्ट सोडू का? मी तुमच्या लेकीच्या वयाची आहे, अगंतुगं केलंत तरी चालेल. – एक आई, सांगली"

अगं, हट्ट कसला, तू आई आहेस, नावाबद्दल बोलायचा पहिला हक्क तुझा. माझं मत आधीच सांगून टाकते, नाव कृष्णाच ठेव. पण घरात चार माणसांनी चार कारणं सांगितलीयत आणि चारही वेगवेगळी आहेत, सगळ्यांना एकच उत्तर देऊन चालायचं नाही. नणंदेचं तर मला बाकीच्यांपेक्षा फार वेगळं वाटलं, त्यावर नंतर येते.

सासूबाईंचं सोपं आहे. संस्कृतात देवाचं नाव कृष्ण, शेवटी ऱ्हस्व अ, आणि त्याला दीर्घ आ लागला की ते बाईचं नाव, कृष्णा, जसं श्याम आणि श्यामा. मग पोराचं कुठून वाटायला लागलं तर आपल्या बोलण्यातून. मराठीत हाक मारताना आपण आ लावतो, देवा, रामा, शिवा, तसंच कृष्णा, आणि गावाकडं हाकेचंच पुढं नाव होऊन बसतं. त्यात इंग्रजी स्पेलिंगमध्ये कृष्ण नि कृष्णा एकसारखंच लिहितात आणि टीव्हीवर हिंदीत दिवसभर क्रिष्णा क्रिष्णा चालू, म्हणून आताच्या माणसांच्या डोक्यात ते पोराचं बसलंय. पण सासूबाईंना शांतपणे विचार की त्यांच्या माहेरी पोरांची नावं काय असायची. किसन, कृष्णाजी, आणि आपल्या सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यातलं खास आपलं कृष्णात, जे लांबच्या माणसाला दोनदा सांगावं लागतं. आणि बायकांचं काय असायचं, तर कृष्णाबाई. तुझ्या पणजीला काय कुणी पोराचं नाव ठेवलं नव्हतं, त्या पिढीत प्रत्येक वाड्यात एक कृष्णाबाई, एक कृष्णाक्का असायचीच. शंभरेक वर्षांपूर्वी कोल्हापुरात डॉक्टर म्हणून काम केलेल्या कृष्णाबाई केळवकर त्याच नावाच्या. पंडित नेहरूंची धाकटी बहीण कृष्णा. हिंदीतल्या मोठ्या लेखिका, २०१७ चा ज्ञानपीठ मिळालेल्या कृष्णा सोबती. २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत थाळीफेकीत सुवर्णपदक मिळवलेल्या कृष्णा पूनिया. एवढी नावं सांगितल्यावर सासूबाईंचा मुद्दा बहुतेक सुटेल, कारण त्यांना नावाचा राग दिसत नाही, लोक काय म्हणतील एवढंच आहे.

आता जाऊबाई. इथं जरा थांबून बोलते कारण तुझ्या पत्रातलं हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. 'कृष्णा म्हणजे काळी' हे त्या खरं बोलतायत. कृष्ण या शब्दाचा साधा सरळ अर्थ काळा, गडद, सावळा. तू नेटवर शोधलंस तर बऱ्याच याद्यांमध्ये 'सर्वांना आकर्षित करणारी' वगैरे लिहिलेलं सापडेल, भक्तीच्या अंगानं देवाच्या नावाचा तसा अर्थ लावतात ते ठीक आहे, पण जाऊबाईंच्या तोंडावर तो अर्थ फेकून रंगाचा विषय टाळू नकोस. टाळलंस तर तूच मान्य केल्यासारखं होतं की काळं असणं ही लपवायची गोष्ट आहे. उद्या पोरीला तिच्या नावाचा अर्थ कळणारच, तेव्हा आईनं तो झाकला होता असं तिला दिसायला नको.

त्यापेक्षा हे नाव पहिल्यांदा कुणाचं होतं ते घरात सांग. द्रौपदीचं. महाभारतात ती यज्ञाच्या वेदीतून बाहेर येते तीच सावळी, आणि ती रंगानं सावळी म्हणून तिचं नाव कृष्णा ठेवलं असं तिथं स्वच्छ म्हटलंय, आणि त्याच ठिकाणी तिच्या रूपाला तोड नाही असंही म्हटलंय. दोन्ही एकत्र. सावळी असूनही सुंदर असलं काही तिथं नाही. आणि एक गोष्ट बघ, द्रौपदी म्हणजे द्रुपदाची मुलगी, पांचाली म्हणजे पांचाल देशाची, याज्ञसेनी म्हणजे यज्ञसेनाची मुलगी, आणि यज्ञसेन हे परत द्रुपदाचंच दुसरं नाव. ही तिन्ही नावं तिच्या बापावरनं नाहीतर देशावरनं आलेली. तिचं स्वतःचं, तिच्या अंगावरनं तिला मिळालेलं नाव म्हणजे कृष्णा. मला हे फार मोठं वाटतं. भर सभेत उभं राहून थोरामोठ्यांना धर्म विचारणाऱ्या बाईचं हे खरं नाव आहे, आणि आपण ते काळी म्हणून बाजूला सारायचं?

त्याच महाभारतात अर्जुनाच्या दहा नावांत एक नाव कृष्ण आहे. विराटपर्वात तो स्वतः विराटाच्या मुलाला, उत्तराला, एकेका नावाचं कारण सांगतो, आणि या नावाचं कारण काय सांगतो तर मी लहानपणी तकतकीत सावळा होतो, वडलांना फार आवडायचो, म्हणून त्यांनी लाडानं हे नाव ठेवलं. व्यासांचं नाव पण कृष्ण द्वैपायन. म्हणजे ज्यांनी सांगितलं ते कृष्ण, ज्यानं रथ हाकला तो कृष्ण, रथात बसलेला तोही कृष्ण, आणि जिच्यासाठी ही लढाई पेटली ती कृष्णा. हे तुझ्या मिस्टरांना जरूर सांग. बापानं लाडानं ठेवलेलं नाव म्हटल्यावर 'तुम्ही बायका ठरवा' म्हणून अंग काढून घ्यायला त्यांनाही जरा जड जाईल, आणि जायला पाहिजे, पोरगी दोघांची आहे.

आणि आपण शेतकरी मुलखातली माणसं, आपल्याला काळ्या रंगाचं वावडं कधीपासून? गावात घरं असतात त्या जागेला पांढरी म्हणतात आणि पिकाच्या रानाला काळी. काळी आई म्हणून तिच्या पाया पडल्याशिवाय पेरणी सुरू होत नाही. वारीला जाताना सावळा विठ्ठल म्हणून डोळ्यात पाणी येतं. तासगावकडं काळ्या द्राक्षाच्या एका जातीचं नावच कृष्णा सीडलेस. आणि जाऊबाईच पहिल्या संक्रांतीला हौसेनं बाळाला काळं झबलं शिवतील, हलव्याचे दागिने घालतील, बोरन्हाण करतील, फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकतील बघ. जाऊबाई वाईट आहेत असं मी म्हणत नाही. त्यांनाही लहानपणी कुणीतरी रंगावरनं बोललेलं असेल, पोरीला तसं बोलणं बसू नये असं खरंच वाटत असेल. तसं असेल तर त्यांना विश्वासात घे, म्हण की वहिनी, शाळेत कुणी काळी म्हटलं तर हिला उत्तर देता आलं पाहिजे, ते तुम्ही शिकवा. चिडवणारी पोरं नाव कुठलंही असलं तरी चिडवतात. सावळ्या पोरीचं नाव गौरी ठेवलं तर जास्तच चिडवतात, हे मी आजूबाजूला बघितलंय.

बेसन मात्र बंद कर. आजच. अडीच महिन्यांच्या बाळाची कातडी इतकी नाजूक असते की डाळीच्या पिठानं घासल्यावर ती लाल होते, कोरडी पडते, पुरळ उठतं, रंग काही बदलत नाही कारण रंग आईबापाकडनं आलेला असतो. तेल लावायचं, कोमट पाण्यानं अंघोळ घालायची, बास. घरात ऐकत नसतील तर पुढच्या डोसाला जाशील तेव्हा जाऊबाईंना सोबत घेऊन जा आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकव.

शेजारच्या काकांनी सांगितलं ते वचन खरंच आहे, मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात येतं, पण ते मुलीचं नाव ठेवण्याबद्दल नाही, बायको कशी करू नये त्याबद्दल आहे. नक्षत्राचं, झाडाचं, नदीचं, डोंगराचं, पक्ष्याचं, सापाचं नाव असलेली मुलगी करू नये असं तिथं म्हटलंय. आता या हिशोबानं रोहिणी गेली, रेवती गेली, तुळसा गेली, मैना गेली, गंगा, यमुना, गोदावरी सगळ्या गेल्या, म्हणजे महाराष्ट्रातली निम्मी लग्नं व्हायलाच नको होती. आपल्या आज्या-पणज्यांनी हे कधी मनावर घेतलं नाही आणि बरंच केलं. खरं तर मुलीचं नाव कसं असावं हे त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात आहे, उच्चाराला सोपं, अर्थ स्पष्ट, मनाला आवडणारं, शुभ आणि शेवटी दीर्घ स्वर असलेलं. कृष्णाच्या शेवटी दीर्घ आ आहे, काकांना सांग. आणि सावित्री हे पण नदीचं नाव आहेच की, महाबळेश्वरात उगवून महाडकडं उतरणारी नदी. सातारा जिल्ह्यातल्या नायगावात १८३१ साली जन्मलेल्या मुलीचं नाव सावित्री होतं आणि तिनं पुढं काय केलं ते काकांनाही माहितीय.

तू तुझ्या पोरीला नदीचं नाव ठेवतेयस, तर त्या नदीची गोष्टही तुला माहिती पाहिजे. जुन्या महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात दगडी गोमुखातून पाणी पडतं, कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री या पाच नद्यांचं ते मूळ मानतात. कथा अशी की ब्रह्मदेवानं तिथं यज्ञ मांडला, सावित्रीला यायला उशीर झाला तर तिच्यासाठी न थांबता गायत्रीला शेजारी बसवून सुरुवात केली, सावित्री आली ती संतापली आणि शाप दिला की तुम्ही सगळे नद्या व्हाल. मग विष्णू झाला कृष्णा, शंकर झाला वेण्णा आणि ब्रह्मदेव झाला कोयना, जिला जुन्या ग्रंथात ककुद्मती म्हणतात. म्हणजे आपल्या कथेप्रमाणं कृष्णा नदी हा साक्षात विष्णू आहे, पण बाईच्या रूपात, आणि ते रूप एका बाईच्या रागातून आलेलं. सासूबाईंना पोराचं की पोरीचं हा प्रश्न अजून राहिला असेल तर ही गोष्ट रात्री जेवणानंतर निवांत सांग, त्यांना आवडेल.

आणि आपण तिला नुसती नदी म्हणत नाही गं. वाईत कृष्णाबाईचा उत्सव होतो, घाटाघाटावर, नदीचा उत्सव बाई म्हणून. नदी भरून आली की खणानारळानं ओटी भरतात. साताऱ्याजवळ माहुलीला तिला वेण्णा मिळते, कऱ्हाडला कोयना, तुमच्या हरिपूरला वारणा, पुढं नृसिंहवाडीला पंचगंगा, आणि अशी सगळ्यांना घेत घेत ती कर्नाटक, तेलंगण, आंध्र करत सुमारे १४०० किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. उगमापासनं अरबी समुद्र जेमतेम ६०-६५ किलोमीटरवर, आणि ही निघाली दुसरीकडं. दर १२ वर्षांनी गुरू कन्या राशीत आला की तिचं कन्यागत पर्व असतं, मागचं २०१६ ला झालं. पुढचं येईल तेव्हा तुझी लेक स्वतःच्या पायानं घाटावर चालत जाईल, तिला घेऊन जा.

आता नणंद. बाकीच्यांना तू माहिती देऊन समजावू शकतेस, हिला नाही समजावता येणार आणि तसा प्रयत्नही करू नकोस. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४५ फुटांवर गेलं की धोक्याची पातळी, आणि २०१९ च्या ऑगस्टला ते ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तू गावभागात राहतेस, तुला माझ्यापेक्षा जास्त माहितीय की पाणी उतरल्यावर घरात काय राहतं. भिंतीवर माणसाच्या डोक्याच्या वर चिखलाची एक सरळ रेघ, फुगून न उघडणारं कपाट, आणि त्या कपाटात लग्नातले फोटो एकमेकाला चिकटून त्यांचा लगदा झालेला. पुन्हा २०२१ ला पाणी आलं तेव्हा परत तीच धावपळ. ज्या बाईनं हे काढलंय तिला 'नदी आई आहे' म्हणून सांगायला गेलीस तर तिला वाटेल हिला माझं काहीच कळलं नाही. तिचा राग खरा आहे आणि तिला तो असू दे.

तू काय कर, बाळाला घेऊन एक दिवस तिच्या घरी जा. फोनवर नको, बारशाच्या गडबडीत तर अजिबातच नको. नावाचं काढायच्या आधी तिला पुराचं बोलू दे, सगळं, मध्ये न बोलता ऐक. बऱ्याचदा अशा माणसाला घरातलं कुणी नीट विचारलेलंच नसतं, मदतीची यादी करतात, पंचनामा करतात, विचारत कुणी नाही. मग तुझं सांग, की हे नाव माझ्या पणजीचं, मी नदी बघून ठेवत नाही, पणजीची आठवण म्हणून ठेवतेय, आणि द्रौपदीचं म्हणून. आणि तिला मोकळेपणानं म्हण की ताई, कानात नाव तुम्हीच सांगणार आहात, तुमच्या तोंडून निघणार नसेल तर मी बारसं पुढं ढकलते. आपल्याकडं बारशाला आत्याचा मान असतो तो उगाच नसतो, कुर्र करून बाळाच्या कानात नाव सांगणारी तीच, तिच्या मनाविरुद्ध ते नाव तिच्याकडनं वदवून घेणं मला बरं वाटत नाही.

समजा एवढं करूनही तिचं मन तयार झालं नाही, तरी वाट आहे. पाळण्यातली नावं एकापेक्षा जास्त असतात, ही आपली जुनीच रीत. पत्रिकेतलं राशीच्या अक्षराचं एक, कुलदेवीचं एक, आणि रोजच्या वापरातलं एक. आत्यानं तिच्या पसंतीचं नाव कानात सांगावं, तिनं तिच्या नावानं हाक मारावी, आयुष्यभर मारली तरी काय बिघडतंय, आत्याची म्हणून खास हाक होईल ती. कागदावर आणि घरात कृष्णा. फक्त हे आधी ठरवून करा, पाळण्यापाशी उभं राहून वाद नको.

कृष्णवेणी, कृष्णाई असली मधली नावं कुणीतरी सुचवेलच, आपापल्या जागी छान आहेत, कृष्णवेणी तर नदीच्या जुन्या नावाशी जुळणारं. पण ती नुसती तडजोड म्हणून घेऊ नकोस, मनापासून आवडलं तरच.

आता कागदाचं बघ, इथं लोक घाई करतात. दवाखान्यात जन्म झाला असेल तर नोंद तिथनंच महापालिकेत गेलेली असते, नावाची जागा रिकामी असली तरी चालतं. नोंद झाल्यापासून वर्षभरात नाव घालायला विलंब शुल्क नाही, त्यानंतरही १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येतं. त्यामुळं 'दाखल्यासाठी लवकर ठरवा' असं कुणी म्हटलं तर दडपण घेऊ नकोस, नणंदेला वेळ लागणार असेल तर तो आहे तुझ्याकडं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी बाळाचं, मग आईचं, मग वडलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम राज्य सरकारनं ठरवलाय, म्हणजे कृष्णाच्या लगेच पुढं तुझं नाव येणार, फॉर्म भरताना ते सोडू नकोस. इंग्रजी स्पेलिंग काय ठेवायचं ते आत्ताच एकदा ठरव, शेवटी एक ए की दोन, आणि दाखला, बाल आधार, लसीचं कार्ड, पुढं शाळा, सगळीकडं अक्षर न अक्षर तेच लिही. माझ्या ओळखीतल्या एका कृष्णाताईंना टपालात कायम 'श्री' लागून यायचं आणि एका कागदावर तर लिंगाच्या रकान्यात पुरुष पडलं, ते दुरुस्त करायला त्यांना बऱ्याच चकरा झाल्या. म्हणून दाखला हातात आला की खिडकीपाशीच उभं राहून नाव, काना-मात्रा आणि स्त्री हा रकाना वाचून बघ, आणि चूक असली तर तिथल्या तिथं सांग.